हात फडफडवण्याला तुमच्या घरी काय म्हणतात?

रानवारा | ११ जून, रात्री १०:४२

कपाट आवरताना माझा निदानाचा रिपोर्ट पुन्हा हाती लागला. मी ऑटिस्टिक आहे हे मला ३४व्या वर्षी कळलं, त्याला आता दोन वर्षं होतील. रिपोर्टात एक ओळ आहे: 'बोटांच्या पुनरावृत्त, निरर्थक हालचाली आढळल्या.' ज्यांनी ती लिहिली त्यांनी दोन तास माझी बोटं पाहिली, पण 'हे काय करतेस गं?' असं एकदाही विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

अंगठ्याने मी चार बोटांची टोकं मोजते. करंगळी, अनामिका, मधलं, तर्जनी आणि तशीच परत. परत येताना करंगळीला दोनदा. एकदाच केलं तर वाक्य अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. ऑफिसात कुणी खुर्ची फरशीवरून खर्रकन ओढली की वेग दुप्पट होतो, आणि एखादं काम मनासारखं जमलं की त्याहून जास्त. आजी म्हणायची, "हिचा जमाखर्च चाललाय." आई म्हणायची, "चाळे बंद कर."

अशा हालचालींसाठीचा 'स्टिम' हा शब्द मला मोठेपणी इंग्रजी व्हिडिओंतून मिळाला. सोयीचा आहे, मी वापरतेही. पण आजीच्या 'जमाखर्चा'त माझी बोटं दिसतात, 'स्टिम'मध्ये दिसत नाहीत.

तर प्रश्न असा: तुम्ही स्वतः ऑटिस्टिक असाल, किंवा घरात कुणी असेल, तर डोलणं, गिरक्या घेणं, हात फडफडवणं, तोंडाने एकच आवाज काढत राहणं याला तुमच्याकडे शब्द काय आहे? डॉक्टरांचा नको, घरातला सांगा. आणि आतून कसं वाटतं, तेही.

खडूस पुणेरी | ११ जून, रात्री ११:०५

मीही मीटिंगमध्ये पेन टिकटिकवतो. सौ. फोनवर बोलताना वहीच्या समासात कमळं काढते. शेजारचे काका बसल्या जागी पाय हलवतात. सगळेच ऑटिस्टिक मग. हल्ली प्रत्येक सवयीला लेबल लागतं.

टेकाडे | ११ जून, रात्री ११:२०

आमच्या भाच्याच्या शाळेने दिलेल्या कागदावर 'स्वयं-उत्तेजनात्मक वर्तन' असं छापलं होतं. घरातल्या ज्येष्ठांनी तो कागद घाईघाईने घडी घालून ड्रॉवरमध्ये टाकला. भाचा बिचारा फक्त गोल फिरत होता. तेव्हापासून तो फिरायला लागला की आम्ही म्हणतो, "उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं!" (हलके घ्या.)

नाशिकची आई | ११ जून, रात्री ११:५८

टेकाडे, माझ्या हसण्याने मुलगा उठला :)

तो नऊ वर्षांचा आहे, बोलत नाही. टॅबवर चित्रं दाबून आणि आता थोडं टाइप करून सांगतो. आमच्याकडचा शब्द 'पाखरू'. तो चारेक वर्षांचा असताना रामकुंडावर गेलो होतो. कुणीतरी दाणे टाकले, पारवे एकदम उडाले, आणि हा दोन्ही हात खांद्याइतके वर घेऊन मनगटातून असे फडफडवायला लागला की धाकटी ओरडली, "दादा पाखरू झाला!" तेच नाव पडलं. आता आम्ही 'पाखरू आलं वाटतं' असं म्हणतो, म्हणजे स्वारी खूश आहे. सासूबाईंना आवडत नाही, त्या म्हणतात लग्नकार्यात लोक बघतात. लोक बघतात हे खरंच आहे.

रानवारा | १२ जून, सकाळी ७:१५

खडूस, तुमचं अर्धं बरोबर आहे. पेन, पाय, कमळं हे त्याच कुळातलं. पण तुमच्या हातातलं पेन काढून घेतलं तर काय होईल? कंटाळा येईल. मी हात मांडीखाली दाबून बसले की मला समोरच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आवाज येतो, शब्द लागत नाहीत. कॉलेजात तोंडी परीक्षेला मी हात असेच दाबून बसायचे आणि 'प्रश्न समजला नाही' म्हणायचे. सरांना वाटायचं अभ्यास नाही.

नाशिकची आई, 'पाखरू' फार गोड. दोघांनाही सांगा.

शब्दवेडा | १२ जून, सकाळी ९:३०

धागा आवडीच्या विषयावर आला, म्हणून हात धुऊन घेतो.

'चाळा' आणि 'चाळे' यांत केवढा फरक आहे बघा. 'त्याला कुलपाशी खेळायचा चाळा आहे' हे निरुपद्रवी, थोडं कौतुकाचंही. 'काय चाळे चाललेत!' म्हटलं की पाठीत धपाटा आलाच. शब्द तोच, अनेकवचन झालं की गुन्हा. 'हातचाळा' हा जुना शब्द तर अगदी नेमका आहे, हाताला काहीतरी लागतं एवढंच तो सांगतो. रानवारा, तुमच्या आईंनी एकवचनात सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

अवांतर: बसल्या बसल्या पाय हलवू नये, रिकामी कात्री वाजवू नये, नखावर नख घासू नये. आपल्याकडच्या 'नये'ची यादी काढली तर निम्मी याच धाग्यात बसेल. कोणाला तरी हे करताना पाहूनच या यादीची सुरुवात झाली असणार.

चिंचोका | १२ जून, दुपारी १:१०

आयडी पाहून ओळखलं असेलच. वय ५२, बँकेत. निदान वगैरे नाही, मुलीचं झालं तेव्हा तिच्या प्रश्नावलीत निम्मी उत्तरं माझीच निघाली.

सहावीपासून माझ्या उजव्या खिशात चिंचोका असतो. अंगठ्याने घोटतो. चपट्या बाजूवर एक बारीकशी कड असते, ती अंगठ्याला सापडली की डोक्यातला गोंगाट एक पायरी खाली येतो. नवा चिंचोका थोडा बोचरा लागतो, महिन्याभरात काचेसारखा होतो. वर्षाला तीनचार लागतात, बहुतेक धुण्यात जातात. मशीनमधून खडखड आली की बायको विचारते, "आज घोटायला काय नेणार?" तर आमचा शब्द 'घोटणं'. आई भिंती सारवून दगडाने घोटायची, तिथून घेतला असावा. माझं मलाच माहीत नाही.

कॅश काउंटरवर असताना उजवा हात मोकळा नसायचा. ती चार वर्षं कशी काढली ते विचारू नका.

ओटी कोल्हापूर | १२ जून, रात्री ९:४५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. थोडं पलीकडच्या बाजूचं सांगते.

आम्ही ज्याला हालचाल म्हणतो ते शरीराच्या दृष्टीने माहिती गोळा करणं असतं. डोललं, गिरकी घेतली की आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला निरोप मिळतो. उडी मारली, मूठ आवळली, भिंतीला ढकललं की सांधे आणि स्नायू 'मी इथे आहे' असं सांगतात. कुणाला हा निरोप फार मोठ्याने येतो, कुणाला येतच नाही. त्यामुळे एकाच वर्गात एक जण कानावर हात ठेवतो आणि दुसरा बाक वाजवत बसतो. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा संवेदना कमीजास्त जाणवण्याचा हा मुद्दा निकषांत घेतला गेला. त्याआधीही आईबाप तेच सांगत होते.

आता कबुली. सुरुवातीच्या काळात मीही 'हात खाली, हात शांत' शिकवलं आहे. मुलं हात खाली ठेवायची, मी टिक करायचे, पालक खूश. मग तीच मुलं घरी गेल्यावर दोन दोन तास रडायची, आणि पालक मला म्हणायचे की घरीच त्रास देतो, तुमच्याकडे किती शहाणा असतो. हा हिशोब मला उशिरा लागला.

एक मात्र सांगते, सगळंच 'करू दे' असं नाही. डोकं आपटणं, हात रक्त येईस्तोवर चावणं, हे थांबवावंच लागतं. आणि अचानक सुरू झालं असेल तर आधी कान आणि दाढ तपासून घ्या. बोलता न येणारं मूल कान दुखतोय हे कपाळ आपटूनही सांगतं.

मनोहर_आळंदी | १३ जून, सकाळी ६:०२

राम कृष्ण हरी. आमच्याकडे काकड्याला शंभर माणसं टाळ धरून एका ठेक्यावर डोलतात. पाऊल मागे, पाऊल पुढे. जपमाळ ओढणाऱ्याची बोटं बघा. यात कुणी निरर्थक म्हणत नाही. मग मुलांनाच का? सगळ्यांना डोलू द्या, भेदच राहणार नाही.

रानवारा | १३ जून, सकाळी ८:४०

मनोहरकाका, भावना पोचली. पण मला हे इतकं सोपं वाटत नाही. काकड्याला ठेका बाहेरून येतो आणि तुम्ही त्यात मिसळता. माझा ठेका आतला असतो, आणि बहुतेक वेळा तो बाहेरच्या ठेक्यापासून वाचण्यासाठी असतो. शंभर टाळांमध्ये मी पाचव्या मिनिटाला बाहेर पळेन.

नाशिकची आई | १३ जून, सकाळी ९:१८

दोघांचंही पटतं. आमचा लेक भजनात डोलतो तेव्हा अनोळखी बायका त्याच्या पाया पडायला येतात. तोच लेक, तसाच, रेशनच्या रांगेत डोलला की 'सांभाळा हो त्याला'. अंतर चारशे पावलांचं असेल.

जर्सीकर | १३ जून, रात्री ८:३०

इकडचा, म्हणजे अमेरिकेतला, थोडा इतिहास, कारण 'हात शांत' हे इकडूनच तिकडे गेलं. साठच्या दशकात कॅलिफोर्नियात लोव्हास नावाचे मानसशास्त्रज्ञ मुलांचं हे वागणं घालवण्यासाठी थप्पड आणि विजेचा झटका वापरत होते. लपूनछपून नव्हे, १९६५ साली 'लाइफ' मासिकात फोटोंसह छापून आलं होतं. पुढे झटके बहुतेक ठिकाणी गेले, पण 'हे वागणं घालवायचं' हा हेतू बराच काळ राहिला.

'स्टिम' हा शब्दही मूळचा तज्ज्ञांचाच, 'सेल्फ-स्टिम्युलेशन'चं छाटलेलं रूप. ऑटिस्टिक लोकांनी तो उचलला आणि आपला करून टाकला. २०१९ साली एक अभ्यास आला, त्यात ३२ ऑटिस्टिक प्रौढांना तुम्ही हे का करता असं सरळ विचारलं होतं. उत्तरं साधारण रानवारांसारखीच: भावना किंवा विचार अंगात मावेनासे होतात तेव्हा सावरायला होतं. आणि हे घालवण्यासाठीचे उपचार नकोत, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. १९४३ साली बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी ऑटिझमवरचा पहिला मोठा लेख लिहिला, म्हणजे विचारायला पाऊणशे वर्षं लागली म्हणा.

आमची मुलगी शाळेत 'हॅपी हँड्स' म्हणते. भारतातून आजी आली की तेच 'हातांना गुदगुल्या' होतं. मुलीचं म्हणणं, आजीचा शब्द चुकीचा आहे, गुदगुल्या दुसऱ्याने करायच्या असतात.

प्रेशर_कुकर | १३ जून, रात्री ९:००

सोपं आहे. वाफ कोंडली की शिट्टी. शिट्टीवर बोट ठेवलं तर काय होतं सगळ्यांना माहीत आहे. (आयडीचा विषयाशी संबंध नाही.)

चिंचोका | १३ जून, रात्री ९:२५

कुकरसाहेब, ही उपमा सगळे देतात आणि ती मला अर्धीच लागू पडते. मी निवांत बसून क्रिकेट बघतानाही घोटतो. तेव्हा कसली वाफ? छान वाटतं म्हणून. दुःखातच हात हलतात असं नाही.

सावंतवाडीकर | १४ जून, सायंकाळी ५:५०

धाकट्या भावाबद्दल लिहितो. सत्तरच्या दशकातली गोष्ट. तो माजघराच्या उंबऱ्यावर बसून पुढे-मागे झुलायचा आणि घशातून एकच सूर काढायचा, भुंग्यासारखा. गावात म्हणत, 'घुमता तो', म्हणजे अंगात येतं. मग उतारे झाले, नारळ झाले, एकाने तर कडुनिंबाच्या फांदीने झोडलं. तो सूर बंद झाला नाही. उलट झोडल्यावर जास्त वेळ चालायचा, आता कळतं का ते.

विशेष म्हणजे भाऊ बोलत असे. थोडंच, पण बोलत असे. बाजाराचा हिशोब सांगायचा, कोणत्या गाईला किती दूध ते सांगायचा. तरी घरातल्या अकरा माणसांपैकी एकानेही त्याला विचारलं नाही की अरे, हे तू काय करतोस. मीही त्यातला. तो ४१व्या वर्षी गेला. रानवारा, तुमच्या प्रश्नाला आमच्या घरचं उत्तर म्हणून 'घुमणं' लिहितो, पण तो शब्द त्याचा नव्हे.

ओटी कोल्हापूर | १४ जून, रात्री १०:१०

काका, वाचलं. काय लिहावं सुचत नाही.

वऱ्हाडी ठेचा | १५ जून, सकाळी ११:४५

आमचं पोरगं १४ वर्षांचं. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची गोष्ट सांगतो. २०१६च्या कायद्यात २१ अपंगत्वं आहेत, त्यात ऑटिझम आला, हे चांगलं झालं. त्यासाठी भारतातच बनवलेली ४० मुद्द्यांची चाचणी घेतात, प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच गुण. त्यात हात हलवणं, डोलणं याचाही मुद्दा आहे.

आता हसा किंवा रडा. आठ वर्षं आम्ही त्याला शिकवलं, बाहेर गेलं की हात मांडीवर. सकाळी सातला नंबर लावला, दुपारी एकला आत बोलावलं. हे महाशय हात मांडीवर ठेवून असे बसले जसा शाळेचा फोटो काढायचा आहे. डॉक्टर म्हणाले, "हात हलवतो म्हणता, आता तर नाही हलवत." बायको मला हळूच म्हणते, "त्याले म्हणा ना, हलव बाप्पा!" आठ वर्षांत पहिल्यांदा आम्ही त्याला हलव म्हटलं आणि तो आमच्याकडे असा बघतो, की ही परीक्षा आहे का? शेवटपर्यंत हलवले नाहीत. टक्के कमी लागले.

खाली गाड्या लावायच्या जागेत आलो आणि सुटला. अर्धा तास उड्या, हात, मनगटाला चावा. बायको म्हणाली डॉक्टरांना खाली बोलावून आणते. त्यांची जेवायची सुट्टी झाली होती.

शब्द विचाराल तर आम्ही 'झरझर' म्हणतो. तो स्वतः काही म्हणत नाही, पण 'झरझर करायचं का?' विचारलं की गच्चीकडे पळतो. आता रोज संध्याकाळी गच्चीवर झरझर. मीही करतो सोबत. शेजारी काय म्हणतात ते त्यांनाच विचारा.

शब्दवेडा | १५ जून, दुपारी १२:३०

'झरझर करायचं' हे क्रियापद मी उचलतोय. कोशात नसलं तरी चालेल.

जाताजाता: 'ऑटिस्टिक'साठी मराठीत वापरतात त्या 'स्वमग्न' या शब्दाबद्दल कुणाला काय वाटतं? ऐकायला सुंदर आहे, पण...

रानवारा | १५ जून, दुपारी १:०५

पण माझी तक्रार उलटी आहे. मी स्वतःत मग्न नसते, बाहेरचं सगळं एकदम आत येतं. ट्यूबलाइटची भुणभुण, कुणाचा परफ्यूम, ट्रॅफिक, मानेला घासणारा टॅग. 'परमग्न' म्हणा हवं तर. मी 'ऑटिस्टिक' वापरते. 'स्वमग्न' म्हणणाऱ्यांशी भांडत मात्र नाही, मराठीतल्या कितीतरी आयांना याच शब्दाने पहिल्यांदा वाट दाखवली.

यावर वेगळा धागा काढा, नाहीतर हा शंभरी गाठेल आणि चाळे राहतील बाजूला.

खडूस पुणेरी | १६ जून, रात्री १०:१५

परवा सोमवारच्या मीटिंगमध्ये मुद्दाम हात मांडीखाली दाबून बसलो. वीस मिनिटं. बॉस काय बोलला ते समजलं, पण तो तसाही नवीन काही बोलत नाही. त्रास असा झाला नाही, फक्त मुंग्या आल्या. म्हणजे रानवारा म्हणतात तो फरक आहे हे मान्य. लेबलांबद्दलचं मत तेच आहे, त्यावर कधीतरी सविस्तर.

टेकाडे | १६ जून, रात्री १०:२२

खडूसरावांनी अर्धं मान्य केलं. स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

नाशिकची आई | २२ जून, रात्री ११:३०

धागा वर काढतेय, कारण मला मूळ प्रश्नाचं उत्तर बदलायचं आहे.

सावंतवाडीकर काकांचं वाचून झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मुलाला टॅब दिला. मी हात फडफडवून दाखवले आणि टाइप केलं, 'याचं नाव काय?' मला खात्री होती तो 'पाखरू' लिहील, पाच वर्षं आम्ही तेच म्हणतोय. त्याने लिहिलं 'पत्रा'.

मी म्हटलं चुकलं असेल, बोट घसरलं. पुन्हा विचारलं. 'पत्रा'. मी पाखराचं चित्र दाखवलं. त्याने ते बाजूला सारलं, आणि टॅब माझ्या मांडीवर ठेवून निघून गेला.

चार दिवस काही उलगडा होईना. शाळेत विचारलं, पत्र्याचा डबा, पत्र्याची पेटी, सगळं दाखवून झालं. काल संध्याकाळी इकडे पहिला मोठा पाऊस झाला. आमच्या मागच्या धुण्याच्या जागेवर पत्रा आहे. पाऊस धरला तसा हा धावत तिकडे गेला, पत्र्याखाली उभा राहिला, मान वर, आणि हात सुरू. मी पहिल्यांदाच जवळून, नीट पाहिलं. वरखाली फडफड नाहीच ती. दहाही बोटं वेगवेगळी पडतात, थेंब पडल्यासारखी. सर वाढली की बोटं वाढतात, सर ओसरली की बोटं हळू. पाऊस थांबल्यावरही चालू होतं, अगदी तसंच. म्हणजे पाऊस नसतानाही तो पत्रा वाजवून घेत असतो बहुतेक. रामकुंडावर त्या दिवशी पारव्यांचा उडताना जो फडफडाट झाला, तो त्याला कसा ऐकू आला असेल, कोण जाणे.

तर आमच्या घरचा शब्द: पत्रा.

चिंचोका | २२ जून, रात्री ११:४४

मी उठून पाणी पिऊन आलो.

रानवारा | २३ जून, सकाळी ७:०५

त्याला विचारून मग सांगा: मी कधी आले तर पत्र्याखाली उभी राहू देईल का? आवाज सहन झाला नाही तर मी दारात थांबेन.

टेकाडे | २३ जून, सकाळी ९:१०

आणि 'पाखरू'वाल्या धाकटीचं काय? तिचा शब्द गेला की!

नाशिकची आई | २३ जून, सकाळी ९:३५

रुसली आहे. म्हणते, दादाला काही कळत नाही, ते पाखरूच आहे. सकाळी टॅबवर स्वतः जाऊन 'पाखरू' असं सात वेळा टाइप करून आली. त्याने एकेक करून सातही पुसले.

रानवारा, विचारलं. 'हो' आलंय. त्याखाली 'चप्पल नको' असंही आलंय.